पाणबुड्या फाब्रचं घड्याळ

३ फेब्रुवारी, दुपार
लिलावाचा कॅटलॉग आला. लॉट ८६. नौदलाच्या पाणबुड्याचं घड्याळ, १९६४. मूळचा काळा डायल खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने तपकिरी झालेला. पाठीवर सुईने कोरलंय: ए. फाब्र. म्हणजे आमच्या तुलों गावचाच ॲन्सेल्म फाब्र! बंदरात टगबोट उलटली तेव्हा हेच घड्याळ बांधून एकोणीस बुड्या मारल्या आणि आत अडकलेली दोन माणसं जिवंत वर काढली. आता त्याची भाची विकतेय.
अकरा घड्याळं जमवली, पण ती सगळी याच्या वाटेवरची स्टेशनं होती. निश्चय: कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

संध्याकाळ
बेकरीवालीला सांगितलं. तिला घड्याळातलं कळत नाही, त्यामुळे तिला मोजायचं कारण नाही.

७ फेब्रुवारी
अकराच्या अकरा विकून हे एक घ्यायचं. नोएमीला सांगितलं. वाटलं होतं बायको आहे, विरोध करेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती शांतपणे म्हणाली, "विक की. पण समजा ते नाही मिळालं, तर तुझ्याकडे उरेल काय?"
न मिळण्याचा प्रश्नच नाही, असं सांगितलं. तयार उत्तरं मात्र वाया गेली.

१६ फेब्रुवारी
लिलावघरात माल बघायला गेलो. बार्तोली तिथेच. धंद्याने दातांचा डॉक्टर, पण दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळावर डोळा. त्याला गंडवायला पाऊण तास लॉट ८५ बघत राहिलो. जुना बॅरोमीटर आहे. ८६ कडे फक्त एकदा, तेही भिंग लावून, वीस मिनिटं.
बार्तोलीने विचारलं, बॅरोमीटर कधीपासून आवडायला लागले? बिचारा पूर्ण फसला.

२ मार्च
फाब्रच्या घड्याळावर चार पानी टिपण लिहायचं ठरवलं होतं. एकतीस झाली. माझ्या चष्म्याच्या दुकानात लक्ष नाही. काल नोटरीबाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. त्या तसाच लावून गेल्या, तक्रार नाही.
एवढा अभ्यास कुणा जाणत्याने वाचायला हवा. बार्तोलीला दाखवणं शक्य नाही. समुद्र-संग्रहालयाला पाठवला. त्यांच्याकडून चार ओळींचं प्रशस्तिपत्र मिळालं की फ्रेम करून घड्याळाशेजारी लावीन. ते स्वतः काही विकत घेत नाहीत. त्यांचं छप्पर गळतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शेवटच्या पानावर जरा चढा सूर लावला: 'अशी वस्तू देशाच्या हातून निसटली तर पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत.' लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

११ मार्च
उत्तर आलं! तिथल्या प्रमुख मादाम केर्वेला लिहितात की अभ्यास दोनदा वाचला, पूर्ण पटला. एवढंच विचारलंय की लिलाव कधी आणि कुठे. लगेच कळवलं. गाडी चर्चमागे लावा, तिथे शनिवारी जागा मिळते, हेही लिहिलं. माणसाने कामाला यावं.

२९ मार्च
अकरावंही गेलं. तीन बार्तोलीनेच घेतली. म्हणाला, "एवढं सगळं विकून बॅरोमीटर घेतोयस?" हसलो नुसता.
ड्रॉवर रिकामा. दिवसातून पन्नासदा मनगटाकडे बघतो. केसांखेरीज काही नाही. आज बंदरापर्यंत तीन चकरा मारल्या. बाजारात गरमागरम काद घेतली. बेसनाचा तो पोळा मला एरवी दोन लागतात, आज अर्धा टाकला. ही काळजी नव्हे, सज्जता आहे.

१२ एप्रिल, सकाळ
आज. दोनदा दाढी केली.

१२ एप्रिल, संध्याकाळ
क्रमाने लिहितो, म्हणजे नीट लक्षात येईल.
८५ ला बार्तोली मला खिजवायला बोली लावत होता. मी नाटक निभावत गेलो, जरा जास्तच निभावलं. बॅरोमीटर माझा झाला.
मग ८६. फोनवरचा एकजण लवकर गळला. बार्तोली चढत राहिला. मी हात वर केला तो खाली आणलाच नाही. शेवटी त्याने नकारार्थी मान हलवली. हातोडा पडला. माझं! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी उभा राहून मान झुकवली.
तेवढ्यात मागून कुणी बाई, आवाज न चढवता, म्हणाल्या, "समुद्र-संग्रहालयासाठी. सरकारी अग्रहक्क."
हा कायदा मला पाठ आहे. हातोडा पडल्यावर सरकारने हक्क सांगितला की वस्तू त्याच किमतीला सरकारची, बोली लावणाऱ्याने घरी जायचं. मी तसाच, मान झुकवलेला.
बाईंनी येऊन माझा हात हातात घेतला. "मस्यू विआल, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला हे कळलंच नसतं. आणि गाडीला जागाही अगदी छान मिळाली."
मी म्हणालो, त्यात काय विशेष.

१३ एप्रिल
काही संपलेलं नाही. पंधरा दिवसांत सरकारने हक्क पक्का केला नाही तर घड्याळ माझं. गळकं छप्पर माझ्या बाजूने आहे.
नवा अभ्यास लिहायला घेतला: घड्याळ तसं सामान्यच, डायल नंतर बदललेला असण्याची शक्यता. नऊ पानं.  फाब्रला शिवी दिल्यासारखं वाटलं. तरी पाठवला.

१८ एप्रिल
केर्वेलाबाईंचं उत्तर. माझा प्रामाणिकपणा त्यांना भावला. पण ही शंका माझ्याच पहिल्या अभ्यासाच्या चौदाव्या पानावर मी सप्रमाण खोडून काढली आहे, याची आठवण त्यांनी दिली. बरोबर आहे. चौदावं पान उत्तमच जमलंय.

२४ एप्रिल
हक्क पक्का झाला. घड्याळ काचेच्या कपाटात राहील. शेजारच्या पाटीसाठी माझ्या अभ्यासाचं सार हवंय. साठ शब्द.
नोएमीने विचारलं, जेवणार का. नको म्हटलं.

३० एप्रिल
एकतीस पानांचे साठ शब्द करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पहिल्या खर्ड्यात 'संग्राहक व अभ्यासक मस्यू विआल यांच्या दूरदृष्टीमुळे' एवढं बसवलं, तर टगबोट बाहेर राहिली. मग 'दूरदृष्टी' काढली. मग 'अभ्यासक' काढलं. नुसतं 'विआल' ठेवून पाहिलं, तर फाब्रने वर काढलेल्या दोघांपैकी एकाला पाण्यात सोडावं लागत होतं. दुपारभर तसाच बसलो. शेवटी नाव काढलं. दोघंही वर आले.
कागद नोएमीला दिला. चष्मा लावून तिने उभ्याउभ्याच वाचला.
"छान आहे," म्हणाली. "तू लिहिलेलं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं."
उद्या सकाळी पोस्टात टाकतो.