अंडं घरात आलं, बाबा

बाबा, तुम्हाला ऐकून आधी खोटंच वाटेल, पण आपल्या घरात ओट्यावर अंडं फोडलं गेलं. गेल्या रविवारी, भर दुपारी, आणि आईच्या डोळ्यांदेखत. एवढ्यावरच तुम्ही हसायला लागला असाल, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगते.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरचं मागचं अंगण मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवारी ड्यूटी नसली की तुम्ही स्टोव्ह बाहेर काढता, पंप मारता, भिंतीला टेकवलेला तुमचा काळा तवा पुसता आणि उकिडवे बसून कांदा चिरता. आईच्या माहेरी कुणी अंडं शिवलं नव्हतं, आणि तुमच्या शिवण्याला तिची हरकत नव्हती. फक्त ते उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मिठाची बरणीसुद्धा ती बाहेर देत नसे. दारात उभी राहून वरूनच तुमच्या तळहातावर मीठ सोडायची. आणि तुम्ही दर रविवारी न चुकता हाक मारायचा, "एक घास तं खाऊन पाह्य व!" आतून उत्तर ठरलेलं, "तुमचं तुमाले लखलाभ." एकदा मी पाणी प्यायला ऑम्लेटची ताटली हातात घेऊनच आत गेले, तर ती केवढ्यानं ओरडली, "भायेर! आंदी भायेर हो!" आणि तिनं सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. मी अंगणात मुसमुसत बसले. संध्याकाळी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी छोटी स्टीलची ताटली आणलीत, खास बाहेरच्या जेवणाची. रडू तिथेच पळालं. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं.

तर आता अमरावतीची गोष्ट. दादाकडून, अकोल्याहून, आईला माझ्याकडे आणायला मी किती वर्षं तिच्या विनवण्या केल्या ते तुम्हाला माहीत नाही. दिवाळीनंतर ती एकदाची आली आणि पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "अंडं घरात आलं का मी चालली अकोल्याले." ती म्हणाली म्हणजे जाणारच. तुमच्या जावयानं त्याच दिवशी छोटा गॅस बाल्कनीत नेला. तो पूर्णपणे तुमच्या पार्टीचा माणूस आहे. थंडीत त्याचं बरं चाललं होतं. आईची करमणूक होत होती, मी तिला रोज डोळे भरून बघत होते, आणि ती जाऊ नये एवढंच माझं मागणं होतं.

मग मे महिन्यात तुमची नात आली. ती नागपूरला हॉटेलचा कोर्स करते, आणि पुण्याच्या एका हॉटेलात नोकरीसाठी तिला सगळ्यांसमोर हातानं अंड्याचा पास्ता करून दाखवायचा होता. पास्ता म्हणजे, बाबा, आपल्या वरणफळांचा इटलीतला भाऊबंद. कणकेच्या जागी मैदा, पाण्याच्या जागी अंडी. मळायचं, पातळ लाटायचं, पट्ट्या कापायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. सराव कुठे करणार? अर्थात बाल्कनीत! आपल्याकडच्या मे महिन्यात! पोरीनं पाटावर मैद्याचं आळं केलं, मध्ये अंडी फोडली, आणि पहिल्याच झुळुकीला निम्मा मैदा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. उरलेलं मळलं तर गोळा हातातच तडकायला लागला. लाटायला घेतला की कडा पापडासारख्या फाटत. दोन-तीन गोळे वाया गेल्यावर ती रडकुंडीला आली, मला म्हणाली, "आई, मला नाही जमणार गं."

आई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. पाहत नाही असं दाखवत सगळं पाहत होती. तुम्हाला आठवतं ना, उन्हाळ्यात आपल्या लाइनीतल्या सगळ्या बायका शेवयांची कणीक तिच्याकडून तपासून घ्यायच्या? बिघडलेली कणीक तिला बघवतच नाही.

"काहून मारून राहिली व त्या कणकेले?"

"आजी, फाटतंय सारखं."

"फाटन नाई तं काय! उनवाऱ्यात कोनी गोया ठेवते का? ओलं फडकं टाक, सावलीत ठेव."

"आजी, सावली घरातच आहे."

आईनं बाल्कनीकडे पाहिलं, पोरीच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं, लसणाची टरफलं झटकली आणि म्हणाली, "मंग आन आत."

पोरीनं ओट्यावर नवं आळं करून अंडी फोडली. आधी आई नाकाला पदर लावून लांबूनच हुकूम सोडत होती. "मनगटानं नोको, तयहातानं लोट. जोर लाव." पोरीचा जोर तिला पसंत पडेना. शेवटी "सरक" म्हणाली, आणि आईचे दोन्ही हात त्या पिवळ्या गोळ्यात गेले. जावई पेपर उलटा धरून बसला होता. गोळा ओल्या फडक्याखाली मुरला, मग आईनं तो असा लाटला की खालच्या कापडावरची फुलं वरून दिसायला लागली. कापलेल्या पट्ट्या शेवयांसारख्या हातावर पेलत तिनं विचारलं, "तिकडच्या बाया बी असंच करत असतीन काय?" "तिकडेही आज्याच करतात," पोर म्हणाली. आई पदरात तोंड लपवून हसली. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून मी उगाच भांडी घासली.

हात धुताना मात्र ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुये बाबा भायेर बसून खायचे. येवढ्या उनात. म्या एकदा बी आत या म्हतलं नाई." तुम्ही नेमके त्या वेळी हवे होतात, बाबा. फार हवे होतात. मग जावयाकडे वळून तिनं फर्मावलं, "तो भायेरचा गॅस आत आना. मानसं उनात काहून बसवता?" अकोल्याचं नाव त्यानंतर निघालेलं नाही.

जेवायला आमच्या पानात टोमॅटो-लसणाच्या रश्शातला पास्ता आणि तिच्या पानात वरण-भाकर. पोर पाणी आणायला उठली, तेवढ्यात आईनं माझ्या ताटातली एक पट्टी उचलून तोंडात टाकली. बराच वेळ चावली. "शेवयाच हायेत. मीठ कमी पडलं." आणि मग माझ्यावर बोट रोखून हळूच म्हणाली, "तुया बाबाले सांगू नोको." जणू तुम्ही ड्यूटीवर आहात आणि संध्याकाळच्या गाडीनं याल.

मी तिला शब्द दिला आहे. म्हणून हे पत्र लिहिलं तरी कुठे ठेवायचं नाही, तुमच्या फोटोसमोरसुद्धा नाही, ती वाचेल. पण एक घास नव्हे, बाबा. तिनं तीनदा घेतलं.