चार सेलवर चालणारा कॅमेरा

अप्पा,

मागच्या महिन्यात मी लातूरच्या घराच्या दारावरचा कॅमेरा उतरवला. दोन स्क्रू होते. एक हातानं निघाला, दुसरा गंजून बसला होता, त्याला ड्रिल लावावं लागलं. आतले चारही पेन्सिल सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती. दिवा लुकलुकवणारा आयसी जागेवर होता, लाल दिवा जागेवर होता, काचेच्या मागं कोळ्याचं जाळं होतं. आई खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, "फेकून दे आता ते डबडं." मी ते पिशवीत घालून नांदेडला आणलं. एवढंच कळवायचं म्हणून लिहायला बसले, आणि आता एवढ्यावर थांबता येत नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे पुढं मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. मी वसतिगृहं आणि क्लासच्या इमारतींची सुरक्षा बघते. कॅमेरे कुठं लावायचे, दाराला कसलं कुलूप, आग लागली तर मुलं कुठून बाहेर पडतील, हे सगळं नकाशावर काढून देते. नव्या जागी गेले की आधी वर बघते. खोटा कॅमेरा ओळखायला मला फार वेळ लागत नाही. त्याचा लाल दिवा लुकलुकत असतो, खऱ्याला तशी गरज नसते. त्याची वायर भिंतीत शिरते आणि पलीकडं कुठंच निघत नाही. मी अहवालात लिहिते, 'नकली आहे, काढून टाकावा.' मालक म्हणतात, राहू द्या की मॅडम, चोर तरी बिचकतो. मी म्हणते, चोर बिचकतो की नाही हे आपल्याला कळत नाही, पण आत राहणाऱ्यांचा त्याच्यावर भरवसा बसतो. हे वाक्य मी आतापर्यंत बऱ्याच जणांना ऐकवलंय. ते मी कुठं शिकले हे कुणाला सांगितलेलं नाही.

आपलं घर गल्लीत वेगळं दिसायचं. क्लासचं पेव फुटलं तेव्हा ज्याच्या त्याच्या घरावर मुलामुलींसाठी मजला चढला. तुम्ही मात्र दोन खोल्या अंगणातच काढल्या आणि त्यांवरही पत्रेच टाकले. "डोक्यावर जड काही नको," एवढंच म्हणायचात. मे महिन्यात पत्र्याखाली पोरी भाजून निघायच्या आणि लोक तुम्हाला चिक्कू समजायचे. दार तुम्ही सुताराकडून मुद्दाम तासून घेतलेलं, चौकटीत आणि फळीत बोटभर फट. त्यातून धूळ यायची, वारा यायचा, आई हिवाळाभर तिथं जुनं लुगडं कोंबायची आणि तुम्ही ते काढून टाकायचात. आणि कडी नव्हती. आतून कुठल्याच दाराला कडी नव्हती. बाहेर जाताना कुलूप, घरात असताना नुसतं लोटलेलं.

त्या दिवसांतला एक जून महिना आहे. देवणीहून, नायगावहून बाप लोक लेकींना घेऊन खोली बघायला येतायत. आधी नळ बघतात, मग दार बघतात.

"मालक, कडी कुठं हाय?"

"कुलूप हाय की. जाताना लावायचं."

"अन् पोरी आत असल्यावर?"

यावर तुम्ही परत नळ सोडून दाखवायचात. त्या जूनमध्ये दोन चांगली माणसं एवढ्यावरून परत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही दुकानात टीव्हीची दुरुस्ती बाजूला ठेवून पीव्हीसीचा पाइप कापत बसलात. दुरुस्तीला टाकून कुणी न्यायला न आलेली एक दुर्बीण होती, तिची काच पुढं बसवली. मी आठवीत होते. तुम्ही मला नवं सोल्डरिंग आयर्न दिलंत, पंचवीस वॅटचं, लाकडी मुठीचं, आणि म्हणालात, "हे तुझं. दिव्याचं काम तू कर." मला वाढदिवसाला कधी काही मिळाल्याचं आठवत नाही, पण हे आठवतं. "सोल्डरचा डाग चमकला पायजे," तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतात. "मळकट दिसला की समज, आतून धरला न्हाई." माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी आजही हेच सांगते, फक्त पुस्तकी भाषेत.

दिवा लागला, विझला, लागला. तुम्ही हसलात. "बघ, बघून राहिला आपल्याला."

सेल वीस दिवसांत उतरायचे. ते बदलणं माझं काम होतं, मी कॅलेंडरवर खूण करून ठेवायची. ॲडॉप्टर लावला असता तर लोडशेडिंगमध्ये दिवा गेला असता, म्हणून तुम्ही सेलच ठेवले. त्यावरून शेजारचे टेलरचाचा एकदा अंधारात ओट्यावर बसून म्हणाले, "अप्पा, सगळ्या गल्लीची लाइट गेली, तुमचा क्यामेरा कसा काय जागा?"

"बॅटरी बॅकअप हाय, चाचा."

"मग माझ्या मशीनला बी जरा जोडून द्या. ईदचे कपडे पडलेत."

चाचांना सगळं माहीत होतं असं मला वाटतं. देवणीच्या काकांना मात्र माहीत नव्हतं. ते पुढच्या जूनमध्ये आले, अकरावीच्या लेकीला घेऊन. दाराकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यात किती दिवसाचं रेकॉर्डिंग ऱ्हातं?" तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवसाचं." मी तिथंच उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

चोरी दीड वर्षानं झाली, काकांची लेक, आमची देवणीची ताई, बारावीत असताना, जानेवारीतल्या एका दुपारी. पोरी क्लासला, तुम्ही दुकानात, आई मागं धुणं धूत होती; ती घरात आहे म्हणून पोरींनी कुलूप लावलं नव्हतं. कुणीतरी लोटलेलं दार ढकलून आत आलं आणि देवणीच्या ताईची सुटकेस घेऊन गेलं. तिच्यात कपडे होते, दोन वर्षांच्या वह्या होत्या, दहावीचं मूळ मार्कलिस्ट होतं. परीक्षा जवळ आली होती. ती रडली नाही. रिकाम्या कॉटखाली बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीतले जमादार आले, आणि पहिल्या बसनं देवणीचे काका. जमादारांनी वर बघितलं आणि टोपी मागं सरकवली. "बरं झालं, क्यामेरा हाय. काढा फुटेज."

तुम्ही काकांना बसायला खुर्ची पुढं केलीत.

काका म्हणाले, "मालक, तुमीच म्हन्ला न्हवं, पंधरा दिवसाचं ऱ्हातं म्हणून?"

"म्हणलो."

"मग दावा की." तुम्ही वर कॅमेऱ्याकडं बघितलंत. तेव्हा त्यांचा आवाज उतरला. "अन् कडी बी न्हाई तुमच्यात. लेकी ठिवल्यात लोकांनी. कडी का न्हाई, ते तरी सांगा."

तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढून त्याची घडी घातलीत. "सांगतो," म्हणालात. "बसा तुम्ही." तुम्ही तोंड उघडलंत. आणि मी पायरीवरून म्हटलं, "त्यात काही नाही. चार सेल आणि एक दिवा आहे. अप्पा तुम्हाला खोटं बोलले."

जमादार आधी हसले. "वा मालक! सेलवर चालनारा शिपाई ठिवलाय." काका हसले नाहीत आणि बसलेही नाहीत. तुम्ही रुमालाची आणखी एक घडी घातलीत आणि म्हणालात, "चुकलं माझं." कडीचं राहूनच गेलं. संध्याकाळच्या बसनं ताई गेली, आठ दिवसांत दुसऱ्या खोलीतल्या दोघी गेल्या. तुम्ही दुकान बंद ठेवून मार्कलिस्टची नक्कल मिळेपर्यंत बोर्डाच्या ऑफिसात खेटे घातलेत. तिच्या मैत्रिणीच्या वह्या झेरॉक्स करून आणल्यात, आणि सगळं स्वतः देवणीला नेऊन दिलंत. काकांनी तुम्हाला चहा दिला का, हे मी विचारलं नाही.

ताई गेली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जेवत होते. तुम्ही चुलीपाशी पाटावर बसलात. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं, कारण उत्तर तयार होतं. तुम्ही म्हणालात, "खरं बोललीस त्याचं काही न्हाई. पर मी बोलायला लागलो होतो. माझं मला बोलू द्यायचं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही परत काहीतरी सांगितलं असतं."

"हाव," तुम्ही म्हणालात, "तसं बी झालं असतं." आणि माझ्या ताटात भाकरीचा चतकोर ठेवलात.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात आत्यानं मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. भूकंप झाला तेव्हा तुम्ही लातूरला रेडिओचं काम शिकत होतात, आज्जी गावात एकटीच होती. सकाळी तुम्ही टेम्पोनं गावी पोचलात तेव्हा आपल्या घराची पुढची भिंत आणि दार दोन्ही उभी होती. आज्जी दाराच्या आत होती. शेजाऱ्यांनी बराच वेळ तिचा आवाज ऐकला होता. चौकट पिळली होती, आतली कडी अडकली होती, तिला ती काढता आली नाही, आणि बाहेरून दगड हलवेपर्यंत मागचं मातीचं माळवद तिच्यावर बसलं. "त्यानंच सांगितलं होतं गं आईला," आत्या म्हणाली, "मी न्हाई तर कडी लावून झोपत जा म्हणून."

मी आत जाऊन दाराची फट बोटानं मोजली. चारही बाजूंनी सारखी होती. चौकट पिळली तरी फळी अडकू नये म्हणून अशी जागा ठेवावी लागते, हे मला पुढं एका साइटवर बांधकामाच्या इंजिनिअरनं समजावलं. त्याला वाटलं मला पहिल्यांदाच कळतंय. आता मी वसतिगृहांना जी दारं सुचवते ती बाहेरून बंद राहतात आणि आतून नुसती ढकलली की उघडतात. अशी दारं असतात, अप्पा. तेव्हाही कुठंतरी असतील, आपल्या बाजारात नव्हती.

त्या सकाळी तुम्ही काकांना हेच सांगणार होतात असं मी धरून चालते. खात्री नाही. कदाचित काहीतरी बनवून सांगितलं असतं. मी मध्ये बोलले नसते तर आज हे मला नक्की ठाऊक असतं. कॅमेऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो लावायला नको होता, आणि मी आजही असा कॅमेरा काढायलाच सांगते.

लातूरचं घर विकलं आणि आईला मी इकडं आणलं. माझ्या दारावर खरे कॅमेरे आहेत, दोन. आईचं त्यावर समाधान नाही. ती रोज आतून दाराची फळी चाचपते आणि म्हणते, "दोन दोन क्यामेरे, अन् कडी न्हाई. बापाचीच लेक हायेस. जलमभर त्यांच्यापायी दार सताड ठिवून झोपले, आता तरी कडी लाव बाई." तिचं चूक नाही. आत्यानं मागच्या अंगणात सांगितलेलं तिनं ऐकलेलं नाही, आणि आता सांगून तिची झोप मी घालवणार नाही. मी तिला सांगितलंय की या दाराला लागणारी कडी नांदेडात मिळत नाही, मागवावी लागते.

कडी आलेली आहे. तीन आठवडे झाले. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, तुमच्या कॅमेऱ्याशेजारी, आणि हे कागदही तिथंच जातील. आज सकाळी आईनं परत विचारलं, कधी येणार म्हणून. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, पंधरा दिवस लागतील.