काय दिवे लावलेस

नालवाडी, वर्धा
८ डिसेंबर

चि. पियुष,

आशीर्वाद आहेत, पण आज हातचे राखून. मी ठीक. थंडी पडली आहे, बाजारात तुरीच्या शेंगा आल्या आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझं पार्सल मिळालं. दिवाळीत आलास, माझा कॅल्क्युलेटर न विचारता पुण्याला नेलास आणि आता त्यात दिवा बसवून परत पाठवलास. ‘काय दिवे लावलेस’ असं आपल्याकडे कधी म्हणतात, ते तिकडे विसरलास वाटतं.

वर चिठ्ठीत कौतुकानं सगळं लिहितोस. आकड्यांच्या काचेमागचा चंदेरी थर पात्यानं सोलला म्हणे, आणि तिथे कागदासारखी पातळ, वीज दिली की निळसर उजळणारी पट्टी सरकवली म्हणे. पातं जरा चुकलं असतं तर आकडे कायमचे गेले असते. सेलूच्या शाळेत मी आयुष्यभर वापरलेली वस्तू ती, तुझ्या हौसेसाठी ठेवलेली नव्हती. शिवाय दिवा लावला की ती पट्टी कानाशी डास असल्यासारखी गुणगुणते.

मी मागितला होता दिवा? खोलीत उजेड कमी आहे म्हणून आकडा चुकतो, एवढंच म्हणाले होते. आई बोलता बोलता काही म्हणते. लगेच हत्यारं काढून बसायचं नसतं.

काल शिकवणीला बारावीतली आचल आली होती. मी तिच्या गणिताचं उत्तर कॅल्क्युलेटरवरून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्याडम, आठ नाई, तीन हाये तो. लाईट तं लागून राह्यला, मंग काऊन दिसत नाई तुम्हाले?”

एरवी मी खोलीला नावं ठेवून मोकळी झाले असते. काल कॅल्क्युलेटर तिच्याच हातात दिला. माझा एकुलता एक बहाणा तू काढून घेतलास, पियुष, आणि त्याचा मला फार राग आला आहे.

उजेड भरपूर आहे. मला आकड्याच्या कडा दिसतात, मधलं पुसल्यासारखं असतं. उन्हाळ्यापासून असंच आहे. तुला कळलं असतं तर माझी शिकवणी बंद करून मला तुझ्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं असतंस. म्हणून नाही सांगितलं.

आता नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि सोबत ये. मला एकटीला भीती वाटते. पण घराच्या किल्ल्या मागायच्या नाहीत. आकडे पोरं वाचतील, गणित अजून मला येतं.

उत्तर पाठवशील तर मोठ्या अक्षरात लिही, आणि दोन ओळींत अंतर सोड.

तुझ्यावर रागावलेली,
आई