उद्याची सुकडी

आई,

त्या पोराला तू दुसरी वाटी सुकडी दिली होतीस का? एवढंच विचारायचं आहे. तू होतीस तेव्हा विचारलं नाही, कारण तुझ्यासमोर तो विषय काढायची घरात कुणाची छाती नव्हती. आता तू नाहीस, बाबाही नाहीत, आणि ज्या गावात ती वाटी भरली गेली ते गाव जुन्या जागेवर नाही. तरी विचारते, कारण परवा माझ्या वर्गातल्या एका पोरीनं भर वर्गात मला हाच प्रश्न विचारला आणि मी तिला उत्तर देऊन बसले.

तू गेलीस तेव्हा माझी देवणीच्या शाळेतली नोकरी नवी होती. नंतर लग्न झालं, बदली करून घेतली, आता राहते नांदेडला आणि शिकवते लोह्याला, पहिलीचा वर्ग. रोजचं अपडाऊन. तू औशाहून सकाळची एसटी धरून त्या खेड्यातल्या बालवाडीला जायचीस, तशीच मी जाते, फक्त माझ्या डब्यात तुझ्यासारखं शेंगदाण्याचं कूट नसतं आणि बसमध्ये कुणी जागा देत नाही. नोकरी लागली त्या दिवशी तू मला ती ॲल्युमिनियमची वाटी दिलीस, जिनं तू बालवाडीतल्या पोरांना सुकडी, तो सरकारकडून पोत्यांनी येणारा गोड पिठाचा खाऊ, मापून द्यायचीस. मी मनातून खट्टू झाले होते. इतरांच्या आया साडी देतात, घड्याळ देतात, आणि ही मला काठाला चेपलेली वाटी देते! तू कारण सांगितलं नाहीस. नुसतं म्हणालीस, ‘असू दे टेबलावर.’ तेव्हापासून ती टेबलावर आहे. खडू ठेवते तिच्यात.

त्या काळातलं आपलं औशाचं स्वयंपाकघर मला अजून सगळं दिसतं. तू भाकरी थापते आहेस, मी परातीजवळ बसले आहे, बाबा कोर्टातून येऊन पाय धुऊन दारात टेकले आहेत. ते कोर्टात कारकून, दिवसभर वकिलांची कटकट ऐकून आलेले, म्हणून तुझ्या बालवाडीतल्या पोरांनाही ते वकीलच म्हणायचे. ‘काय म्हणले आज तुझे वकील?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. मग तू भाकरी तव्यावर टाकून सुरू व्हायचीस. एकाला तू विचारलंस, तुझे वडील काय काम करतात रे, तर तो म्हणाला, ‘माय सांगती ते.’ एक जण दुपारपर्यंत आला नाही, आणि आल्यावर तू दरडावलंस तर म्हणाला, ‘बाई, म्या तर कवाचा निघालतो, पण वाटंत बैल उभा व्हता. त्यो म्हणला थांब.’ एका पोरीला सकाळी आभाळात चंद्र दिसला तर ती तुझा पदर ओढून म्हणाली, ‘बाई, ह्याला घरी कुणी बोलवायला आलं न्हाई का?’ बाबा हसून हसून खोकायचे. तू त्या पोरांचे आवाज काढायचीस, मान तशीच वाकडी करायचीस. मी त्यांतल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं, पण सगळे माझ्या ओळखीचे होते.

अनंत चतुर्दशीचा तो दिवसही तसाच गेला. खरं तर सुट्टी होती. पण सुकडीची पोती आदल्या दिवशी आली होती, म्हणून तू तासभर बालवाडी उघडायला गेलीस. पोरं सुकडी घेऊन जातील तेवढंच, म्हणालीस. संध्याकाळी परत आलीस ती दारातूनच हसत. चपला काढायच्या आधी सांगायला लागलीस. तू पोरांना सांगितलं होतंस, उद्याही सुकडी आहे, सगळ्यांनी या. तेव्हा एक चार वर्षांचा टिल्लू सदऱ्याचा ओचा पुढं धरून म्हणाला, ‘बाई, आज रातभर गणपती बोळवायचा हाय. उद्या म्या उठणारच न्हाई. उद्याची बी आजच द्या.’ बाबा म्हणाले, ‘हा थेट हायकोर्टात जाणार.’ आपण तिघंही हसलो. तू पदरानं डोळे पुसलेस इतकी हसलीस. आणि पुढं काय झालं, तू दिलीस का, हे विचारायच्या आत शेजारच्या काकू आरतीला बोलवायला आल्या आणि तू उठलीस.

पहाटे जमीन हलली. आपल्या फळीवरची भांडी सगळी खाली आली, मधल्या भिंतीला भेग गेली, आणि आपण तिघंही अंगणात धड उभे होतो. तिकडं त्या गावात माळवदाची घरं होती, वरती हातहातभर माती. गाव विसर्जनाहून येऊन नुकतंच झोपलं होतं. पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे, मी तुला काय सांगू. मला माहीत आहे ते एवढंच, की पुढं एके दिवशी जीप आली आणि तुला घेऊन गेली, कारण काही घरांत ओळख पटवायलाही कुणी मागं राहिलं नव्हतं आणि त्या पोरांची नावं तोंडपाठ असलेली तू एकटी होतीस. तू परत आलीस, मोरीत बराच वेळ हात धुतलेस, मग पीठ काढून भाकरी करायला बसलीस. तुझी बालवाडी पुन्हा उघडली ती पत्र्याच्या शेडमध्ये, पण तू तिथं गेली नाहीस, मुरुडला बदली मागून घेतलीस.

बरेच महिने गेल्यावर एका संध्याकाळी बाबा पाय धुऊन दारात टेकले आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘काय म्हणले आज तुझे वकील?’ तुझा हात तव्यावर तसाच थांबला. भाकरी करपली, धूर झाला, तरी थांबलेलाच. मग तू म्हणालीस, ‘बोलत न्हाईत आता.’ आणि भाकरी उलटलीस. मुरुडच्या बालवाडीतही पोरं होतीच की. तीही काहीबाही बोलत असतीलच. पण त्यांचं एक वाक्य तू कधी घरी आणलं नाहीस, आणि तुझ्या नोकरीची उरलेली सगळी वर्षं आपण मुकाट्यानं जेवलो.

एकदाच तू मला त्यावरून बोललीस. उदगीरला आत्याच्या घरी लग्न होतं, बायका पुऱ्या लाटत होत्या आणि मी त्यांना ‘माय सांगती ते’ची गोष्ट सांगितली. अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करून. बायका खो खो हसल्या, एकीनं माझा मुका घेतला. तू मला हाताला धरून परसात नेलंस आणि म्हणालीस, ‘ते माझ्यापशी ऱ्हाऊ दे.’ ओरडली नाहीस. मला मात्र राग आला, आणि आई, खरं सांगू, तो अजून गेलेला नाही. तुझ्यापाशी राहिलं आणि तुझ्याबरोबर गेलं. माझ्याकडं जे उरलं ते एवढंसं आहे. चंद्र बघणाऱ्या पोरीचं नाव मला आठवत नाही. बैलाची गोष्ट सांगणाऱ्याचं अजून एक वाक्य होतं, त्यावर बाबा पाणी पिता पिता ठसकले होते, ते वाक्य गेलं. रोज बसमध्ये आठवून बघते, येत नाही. मी गेले की ती पोरं पुन्हा एकदा जातील, आणि या वेळी त्यांच्यासाठी कुणी दोन मिनिटं उभंही राहणार नाही.

दोन मिनिटांचं सांगते. दरवर्षी त्या दिवशी शाळेत मौन असतं, भाषण असतं. मुख्याध्यापक आकडा सांगतात. आकडा ऐकून पोरं जांभया देतात आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण आकड्यानं कधी कुणाकडं उद्याची सुकडी मागितलेली नसते. यंदा वरून सूचना होती की मुलांकडून भूकंपाचा सरावही करून घ्या. अलीकडं आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून आवाज येतात, धक्के बसतात, म्हणून असेल. शिट्टी झाली की बाकाखाली शिरायचं, डोकं हातांनी झाकायचं. पण पहिलीला बाक नाहीत, सतरंज्या आहेत. टेबल एकच, माझं. शिट्टी झाली आणि सगळा वर्ग त्या टेबलाखाली घुसला. कुणाचा पाय कुणाच्या नाकावर, एकच गलका. एक पोरगं बाहेर राहिलं, ते रडकुंडीला येऊन म्हणालं, ‘म्याडम, आसं न्हाई. आधी पोरींचा भूकंप घ्या, मंग आमचा.’ मला हसू आवरेना. मी भिंतीला टेकून हसत होते, इतक्यात टेबलाखालून एक पोरगी डोकं काढून विचारते, ‘म्याडम, तुमी कुठं शिरणार?’

मुख्याध्यापक दारात उभे होते. ‘मॅडम, आजच्या दिवशी तरी,’ एवढं म्हणून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्यासाठी हा दिवस पाळता त्यांनी माझ्या घरात किती हशा पिकवला होता हे यांना काय ठाऊक! पण सांगायचं कुणाला आणि कशासाठी. त्यांचं चुकलं नव्हतं. माझं हसू तिथंच सुकलं आणि वाटलं, हे सगळं व्यर्थ आहे, त्यांचं मौनही आणि माझी आठवणही.

टेबल सरकलं होतं, त्यावरची वाटी खाली पडून सगळे खडू सांडले होते. ते गोळा करताना त्या टेबलाखालच्या पोरीनं वाटी उलटीसुलटी करून पाहिली. ‘ही कशाची वाटी हाय म्याडम?’ मी म्हणाले, सुकडीची. सुकडी म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, ते सांगितलं. मग कसं कोण जाणे, सतरंजीवर त्यांच्यात बसून मी सांगायला लागले. माझी आई, तिची बालवाडी, गणपती, तो ओचा पुढं केलेला पोरगा. मान वाकडी करून, त्याच्या आवाजात. आई, तू तुझ्यापाशी राहू दे म्हणाली होतीस ते मी उघड्यावर आणलं. पोरं हसली. नुसती हसली नाहीत, लोळली. ‘उद्याची बी आजच द्या,’ म्हणून एकमेकांसमोर ओचे धरायला लागली.

आणि ती पोरगी म्हणाली, ‘मंग बाईनं दिली का उद्याची?’

वर्गात एवढी शांतता मौनाच्या वेळी नव्हती. मी म्हणाले, ‘दिली.’

‘दोन्ही खाल्ल्या त्यानं?’

‘हो, दोन्ही.’

‘आन् दुसऱ्या दिशी?’

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, एवढं मी म्हणू शकले. ते खरं होतं. तर पोरं पुन्हा खदखदून हसली. ‘लबाड हाय त्यो! दोन वाट्या खाल्ल्या आन् आलाच न्हाई!’ मघाशी ज्याला टेबलाखाली जागा मिळाली नव्हती तो तर टाळ्या पिटत होता. मी हातातली वाटी घट्ट धरून बसले होते. आत्ता सांगावं, आजचा दिवस त्याचसाठी आहे, असं मनात येत होतं. त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान तर होता तो. पण ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचं हसून झालं होतं. तिनं विचारलं, ‘मंग कवा आला?’

तुझ्यासारखं मी म्हणायला हवं होतं की ते माझ्यापाशी राहू दे. मी म्हणाले, ‘तिसऱ्या दिवशी आला की.’

आता त्या चाळीसेक पोरांनी घरी जाऊन हेच सांगितलं असणार. एक लबाड पोरगा होता, त्यानं दोन वाट्या खाल्ल्या, एक दिवस दांडी मारली आणि मग आला. त्यांच्यापुरतं हेच खरं, आणि खरं होतं ते माझ्याबरोबर संपणार. देशानं आठवण ठेवावी म्हणून दिलेल्या दिवशी मी त्याची उरलेली एकमेव आठवण खोटी करून ठेवली. परतीच्या बसमध्ये मला रडूही आलं नाही, नुसता थकवा. तू दिली होतीस की नाही, हे आता कधीच कळणार नाही. दिली असशील तर निदान त्याचं मागणं तुझ्या मनावर राहिलं नसेल. नाही म्हणाली असशील, उद्या ये म्हणाली असशील, तर तू ती वाटी मला टेबलावर, रोज डोळ्यांसमोर ठेवायला का दिलीस हे मला समजतं, आणि समजून काही उपयोग नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. ‘तिसऱ्या दिवशी आला की’ असं म्हणताना मी वर्गाच्या दाराकडं पाहिलं होतं, आणि तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं.