सहीचा कोपरा

६ जानेवारी १९७४, सांगली
आलो बाबा एकदाचा! पाटणात आठ वर्षं ट्रकांवर नंबर आणि मोर रंगवले, आता धनपाल मास्तरांकडं तेलरंग शिकायचा. हळदीच्या पेठेमागं त्यांची माडी. जिना चढला की हळद आणि टर्पेंटाइन एकदमच नाकात जातं. त्यांच्या बहीण आक्काताई जेवू घालतात. तोंडानं फटकळ, वाढायला सढळ. मला हवंय एकच, कोपऱ्यात माझी सही असलेलं चित्र. ट्रकावर कोण सही करू देतो?

८ जानेवारी
भिंतीवर मास्तरांचं गाजलेलं चित्र आहे. कुण्या जुन्या विलायती चित्रकाराच्या छापील चित्रावरून काढलेलं. एक खोली, डावीकडं खिडकी, टेबलावर पितळी सुरई आणि पाठमोरी उभी बाई. खाली मास्तरांची सही. तेच मला उतरवायचंय. त्यांची रीत न्यारीच. चित्र उलटं टांगायचं, दोरे ताणून चौकोन पाडायचे आणि बाकीचं झाकून एका वेळी एकच चौकोन बघायचा. काय काढतोय ते मनात आणायचं नाही, दिसेल तो डाग तसाच उतरवायचा. मला आधी हसू आलं. पण पहिलाच चौकोन हुबेहूब जमला, लय खूश आहे आज.

२ फेब्रुवारी
शेवटचा चौकोन झाला, सहीचा. सही वगळ, असं मास्तर म्हणाले होते. तिच्याभोवती खरवडल्यासारख्या फिकट खुणा होत्या, त्या मी इमानानं उतरवल्या. मग माझं चित्र सुलटं केलं, तर कोपऱ्यात चक्क अक्षरं: पद्मावती. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी सुरीनं नाव खरवडलं आणि तिथं स्वतःची सही ठोकली. माझ्या चित्रावर! माझं डोकंच सणकलं.

३ फेब्रुवारी
आक्काताईंना गाठलं. पद्मावती म्हणजे मास्तरांची बायको. भिंतीवरचं चित्र तिनं काढलेलं. मास्तरांनी तिचं नाव खरवडून स्वतःचं घातलं, बक्षीस घेतलं, हार घालून घेतले. तिनं अंथरूण धरलं ते धरलंच.
“मरताना म्हनली, ज्या हातानं माजं नाव खरवडलं, तो हात मी सोडनार न्हाई,” आक्काताई म्हणाल्या.
मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? भोगा म्हणावं आता.

५ फेब्रुवारी
माझ्या चित्रातली बाई पाठमोरी होती. आज तिचा गाल दिसतोय. मी गाल रंगवलेला नाही.
मास्तरांच्या उजव्या हाताची सालं निघतायत. टर्पेंटाइन लागलं म्हणतात.

६ फेब्रुवारी
मास्तर गेले. सकाळी माझ्या चित्रासमोर पडलेले होते. उजव्या हाताला मनगटापर्यंत कातडीच नाही. कोपऱ्यात त्यांची सही गेलीय, पुन्हा पद्मावती. रंग लाल, ओला.
बाई परत पाठमोरी झालीय. तिचा हिशेब चुकता झाला असणार.

१६ फेब्रुवारी
कोल्हापूरचे प्रदर्शनवाले येऊन गेले. चित्रापुढून हलेनात. कुणाचं, म्हणून विचारलं. माझं, म्हणालो. महिनाभर मान मोडून काढलंय, माझंच की! उद्या दुपारी न्यायला येणार.
आक्काताई म्हणाल्या, “तिचं नाव तेवडं ऱ्हाऊ दे, बाबा.”
मी ऐकून घेतलं. ऐकायला काय जातंय.

१७ फेब्रुवारी, सकाळ
खरवडलं. मास्तरांचीच सुरी. वर ठळक सही केली, मानसिंग. झकास दिसतेय.

दुपार
तळव्याला आग — नुसती आग. वर बघितलं — गाल दिसतोय.

सही पुसली मी. तिचं नाव परत लिहायला गेलो, ब्रश धरवेना — बोटं सोलून — हे डाव्या हातानं लिहितोय —

जिन्यात माणसं आलीत. चित्र न्यायला. हाक मारतोय, आवाज —

ती पुरती वळलीय.

चित्र तुमचंच वयनी, तुमचंच, लिहितो ना, हे बघा, लिहितो — पद्माव