वाणाची पिंपे परत घेण्याबाबत

मी, कुमारी हेमलता हरी चौबळ, वय ६६, राहणार टेमघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो नातेवाइकांसाठी आहे. मला शंका नव्हती.

१. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट दिवंगत भावाची मुलगी उन्नती हिला एकटीला मिळावा. तिचा नवरा भावेश याचे नाव कागदावर चढवू नये. तो टेम्पो चालवतो आणि मला म्हणतो, "आत्या, कंपनीशी वाकडं नको, भाडी त्यांचीच मिळतात."

२. ही कंपनी म्हणजे शेतीच्या औषधांची, जिथे मी एकतीस वर्षे सेक्रेटरी होते. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ कंपनीचे अधिकारी श्री. अनय यांना परत द्यावे. ते पहिल्या महिन्यातच बंद पडले.

३. माझी मुदतठेव. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण चूक माझी आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी वार्षिक अहवालात सामाजिक जबाबदारीचे एक पान भरायचे होते. काल्हेरच्या गोदामात तणनाशकाची रिकामी निळी पिंपे पडून होती आणि ती नष्ट करायला खर्च येत होता. अनय म्हणाले, महिलांसाठी काहीतरी सुचवा. काल्हेरला नळाला एक दिवसाआड पाणी येते, हे मला ठाऊक होते. मी सुचवले की पिंपे धुऊन संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून द्यावीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या इंग्रजीत ते पानही मीच लिहिले. त्याचे फार कौतुक झाले. एकेचाळीस बायका पिंपे घेऊन फोटोत हसत उभ्या आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या एकेचाळीसांतल्या ठकुबाईंची तुळस वाळली. त्यांनी दुसरी लावली, तीही वाळली. त्यांनी शेजारणीच्या नजरेला दोष दिला. मी विचारले, पाणी कुठले घालता? त्यांनी निळ्या पिंपाकडे बोट दाखवले. त्यातलेच पाणी घरात पीत होते. वास येतो म्हणून वर फडके बांधले होते.

मी ऑफिसात गेले. अनय यांनी चहा मागवला आणि सांगितले, "मॅडम, पिंपं तीनदा धुतली होती. शिवाय रिपोर्ट छापून झालाय." मी लेखी दिले. उत्तरादाखल दिवाळीला मिठाईचा डबा आला.

मग मी घरोघर पिंपे परत मागत फिरले. एकीनेही दिले नाही. जानकीबाई म्हणाल्या, "बाय, वाण हाय ता. वाण कोनी परत देत न्हाय. तुजा लगीन न्हाय झाला, तुला न्हाय कळाचा." हे खरे आहे. मी आयुष्यात एकही वाण घेतले नव्हते. फक्त सुचवले होते.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर मुदतठेव मोडून उन्नतीने, ती सवाष्ण असल्याने, काल्हेरला हळदीकुंकू करावे आणि एकेचाळीस घरांत स्टीलची पिंपे वाण द्यावीत. ती इतकी मोठी असावीत की मोरीत जुन्या पिंपाला जागा उरू नये. जुन्या पिंपांच्या बुडाला भोके पाडून भावेशने ती कंपनीच्या गेटात उतरवावीत. भाडे नेहमीचे द्यावे.

दुरुस्ती. काल साक्षीसाठी आलेल्या जानकीबाईंना वरील मजकूर वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "म्हंजी तू मराची वाट बगाची आमी? पानी त आमी आज पितूं."

मी पेन खाली ठेवले. मग उन्नतीला फोन केला. येत्या रविवारी संक्रांत आहे, मंगळवारी हळदीकुंकू ठरले आहे. भावेश टेम्पो आणतो म्हणाला. भाडे विचारले नाही. मुदतठेव उद्या मोडेन. सबब कलम ३ रद्द. माझ्या पश्चात बँकेत कोणी काही शोधू नये. कलम १ मधले भावेशविषयीचे वाक्य मंगळवारनंतर पाहू.

सही : हेमलता हरी चौबळ
साक्षीदार : १. डॉ. रुचिरा दिघे, टेमघर (सही)
२. जानकीबाई दाजी पाटील, काल्हेर (डाव्या हाताचा अंगठा, त्यासाठी आज पुन्हा आल्या, निळे पिंप सकाळीच रिकामे करून)
भिवंडी, सोमवार, ८ जानेवारी २००७