सातची नाडी

२ जून
हिला दोनदा चक्कर आल्यामुळे नाडीची शास्त्रशुद्ध नोंद ठेवण्याचा संकल्प केला. सकाळी सात, संध्याकाळी सात. तत्पूर्वी दहा मिनिटे हिने खुर्चीत स्वस्थ बसावे, बोलू नये. अन्यथा मापन सदोष ठरते. आज ७२.

५ जून
७२, ७१, ७२. आलेख पट्टीने आखल्यासारखा. मुलीचा मेसेज: ‘आईला परत चक्कर येतीये. ठोके नोंदवणारं चोवीस तासांचं मशीन लावून घ्या.’ ‘येतीये’ हे रूप अशुद्ध असल्याचे तिला कळवले. मशीनविषयी सवडीने लिहीन.

८ जून
मुलगी येऊन गेली. म्हणाली, “बाबा, दोन नमुन्यांच्या मध्ये काय झालं ते कसं कळणार? तुम्हीच शिकवायचात ना?” शिकवत असे. सर्वांत जलद चढउताराच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत. नाहीतर मधले हरवते आणि कागदावर खोटी शांतता उमटते. परंतु हा सॅम्पलिंगचा नियम आवाजासाठी, विजेसाठी. हिची प्रकृती मुळातच संथ. दोन नमुने पुष्कळ झाले.

११ जून, दुपार
स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज. हाक मारली; उत्तर किंचित उशिरा आले. पातेले निसटले, म्हणाली. कपाळावर टेंगूळ. नाडी पाहिली नाही. अवेळची नोंद आलेख बिघडवते.
संध्याकाळी ७२. निश्चिंत झालो.

१३ जून
ही म्हणाली, “तुम्ही नाडी धरता तेव्हा मी बसलेली असते हो. पडते ती उभी असताना.” वाक्यरचना निर्दोष. आशय तपासावा लागेल.

१४ जून
मुलीने मला न विचारता मशीन लावून आणले. हिच्या छातीला तारा. सेकंदाला अडीचशे नमुने. निव्वळ उधळपट्टी.

१६ जून, संध्याकाळ, हॉस्पिटल
डॉक्टरांनी पट्टी उलगडून दाखवली. काम करताना ठोके मध्येच थांबतात, पाच-पाच सेकंद. दिवसभरात दोनच ठिकाणी, सातच्या आसपास, रेघ अगदी सुरळीत. तिथे पेशंटने छान विश्रांती घेतलेली दिसते, म्हणाले. ही स्ट्रेचरवरून म्हणाली, “तेवढीच मिळते.” मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती.
पेसमेकर बसवण्यासाठी हिला आत नेले आहे. दाराबाहेर मॉनिटरचा आवाज ऐकू येतो. संकल्प: यापुढे एकही ठोका चुकवायचा नाही.

त्याच दिवशी
मघाशी डोळा लागला. किती वेळ, ते सांगता येत नाही. दार अजून बंद आहे. आवाज येत नाही.